आदर कमवायचा कुणी?

मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीची मीटिंग होती. पार्किंग झालं, टँकरच्या बिलावरून भांडण झालं, आणि सगळ्यात शेवटी मी लिफ्टचा विषय काढला. आमच्याकडे प्रत्येक विंगला दोन लिफ्ट आहेत आणि त्यातल्या एकीच्या बाहेर बोर्ड लावलाय की घरकामाच्या बायका, डिलिव्हरीवाले आणि हाऊसकीपिंगच्या लोकांनी दुसरीच लिफ्ट वापरावी. मी इतकंच म्हटलं की हा बोर्ड काढूया, फर्निचर नाहीतर सिलेंडर न्यायचा असेल तर दुसरी लिफ्ट हे मी समजू शकते, पण रिकाम्या हातानं नवव्या मजल्यावर पोळ्या करायला जाणारी बाई म्हणजे सामान नाही. थोडी कुजबुज झाली. मग एक काका, रिटायर्ड, भरपूर शिकलेले, कुणाला रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायचं असेल तर गाडी काढणारे, शांतपणे म्हणाले, "हे बघ, आदर मागून मिळत नसतो, तो कमवावा लागतो." पाच-सात माना हलल्या आणि विषय तिथंच संपला.

मला त्या क्षणी उत्तर सुचलं नाही. वाक्य असं आहे की शाळेच्या फळ्यावर सुविचार म्हणून लिहावं आणि कुणी काही बोलू नये. पण महिनाभर ते माझ्या डोक्यात फिरतंय आणि आता मला अगदी खात्रीनं वाटतंय की आपल्याकडचा बराचसा भेदभाव ह्याच एका वाक्याच्या आड उभा राहतो.

कारण मी त्यांना विचारायला हवं होतं की काका, पहिली लिफ्ट वापरायचा मान तुम्ही नक्की काय करून कमावलात? आपल्याकडे पाहुणा येतो, पहिल्यांदाच येतो, वॉचमनला त्याचं नावही माहीत नसतं, तो चांगला आहे का फसवा आहे कुणालाच ठाऊक नसतं, पण त्याचे कपडे आणि गाडी बघून त्याला सरळ चांगल्या लिफ्टपाशी नेऊन सोडतात. त्यानं काय कमावलंय हे कुणी विचारत नाही. आणि बारा वर्षं रोज सकाळी साडेसातला येणारी, घराची किल्ली जिच्याकडे दिलेली असते, जिच्या हातचं सगळं घर जेवतं, ती बाई मात्र अजून कमावतेच आहे. म्हणजे नियम सगळ्यांना सारखा नाहीये. काहींना आदर आगाऊ मिळतो आणि त्यांनी तो घालवेपर्यंत तो त्यांचाच असतो, काहींना जन्मभर हप्ते भरूनही तो मिळत नाही, आणि कुणाला आगाऊ द्यायचा आणि कुणाकडून हप्ते घ्यायचे हे आपल्याही नकळत जे आत ठरलेलं असतं ना, त्याचंच नाव पूर्वग्रह.

गोंधळ थोडा शब्दाचाही आहे. आदर हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. स्टीफन डारवॉल नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञानं १९७७ साली ही फोड फार नीट करून दाखवली होती. एक आदर असतो तो गुणांबद्दलचा, म्हणजे कुणी सुंदर गातं, कुणी प्रामाणिकपणे सर्जरी करतं, कुणी उत्तम शेती करतं, त्यांच्याबद्दल मनात जे वाटतं ते. हा कमी-जास्त असणारच आणि तो कमवावाच लागतो, त्याबद्दल वाद नाही. दुसरा आदर म्हणजे समोर माणूस आहे ह्याची नुसती दखल घेणं आणि त्याप्रमाणे वागणं. हा कमवायचा नसतोच मुळी, हा जन्मल्याबरोबर लागू होतो. काकांनी पहिल्याचा नियम उचलून दुसऱ्याला लावला. लिफ्टमध्ये शेजारी उभं राहू देणं हे काही कुणाचं कौतुक करणं नाही, की त्यासाठी आधी काही सिद्ध करून दाखवायला लागावं.

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांटनं १७८५ मध्ये किंमत आणि प्रतिष्ठा असा फरक केला होता, की ज्याला किंमत असते त्याच्या जागी तेवढ्याच किमतीचं दुसरं काही ठेवता येतं, माणसाच्या जागी काहीच ठेवता येत नाही म्हणून त्याला किंमत नसते, प्रतिष्ठा असते. मला हे वाचताना आपली मराठी आठवते. आपण आदर ह्या अर्थानं सर्रास किंमत हाच शब्द वापरतो, "ह्या घरात मला काही किंमतच नाही" म्हणतो, "त्याला कोण विचारतंय" म्हणतो. म्हणजे बोलताना आपण बाजारातच उभे असतो. आणि आपल्या राज्यघटनेच्या उद्देशिकेत मात्र शब्द आहे 'व्यक्तीची प्रतिष्ठा'. शाळेत आपण ती पाठ म्हणायचो, सावधान उभं राहून, आणि मधल्या सुट्टीत शिपाईमामांना "ए मामा, घंटा दे ना" म्हणायचो.

ह्या अरे-तुरेबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण मराठीत पूर्वग्रह कुठं दिसत असेल तर तो आधी सर्वनामात दिसतो. आमच्या गेटवरचे वॉचमन काका साठीचे आहेत, डोक्यावरचे सगळे केस पांढरे. आठवीतला मुलगा सायकलवरून येतो आणि "ए, गेट उघड" म्हणतो, आणि ते "हो दादा" म्हणून उठतात. मी हे बघून चिडले होते. मग त्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की सकाळी फोनवर मी प्लंबरला "तू किती वाजता येशील?" म्हटलं, जो माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा आहे, आणि अकरा वाजता बँकेत चोवीस-पंचवीस वर्षांच्या मुलाला "सर, तुम्ही जरा बघता का" म्हटलं. मी ठरवून केलं नव्हतं. कुणाचा अपमान करावा असं माझ्या मनातही नव्हतं. जीभ आपोआप वळली, आणि ही जीभ आपोआप वळणं मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं, कारण ठरवून केलेली गोष्ट ठरवून बंद करता येते.

आता कुणी म्हणेल की तू म्हणण्यात अपमान कुठला, आपण आईला तू म्हणतो, विठोबाला तू म्हणतो. अगदी बरोबर. तू हा शब्द वाईट नाहीच, मराठीतला सगळ्यात जवळचा शब्द आहे तो. १९६० मध्ये ब्राऊन आणि गिल्मन ह्या दोन अमेरिकन अभ्यासकांनी युरोपातल्या भाषांमधल्या तू-तुम्हीचा अभ्यास केला आणि त्यांचा मुद्दा आपल्यालाही तंतोतंत लागू पडतो, की शब्द कुठला आहे ह्यापेक्षा तो दोन्ही बाजूंनी सारखा जातो का हे बघायचं. दोघं एकमेकांना तू म्हणत असतील तर ती जवळीक, दोघं एकमेकांना तुम्ही म्हणत असतील तर तो मान, आणि एक जण तू म्हणतो आणि दुसऱ्याला तुम्हीच म्हणावं लागतं तेव्हा ती सत्ता. मी प्लंबरला तू म्हणते ती जवळीक असेल तर त्यानंही मला तू म्हटलेलं मला चाललं पाहिजे. मला चालणार नाही, हे मला माहितीये. नवरा बायकोला अगं म्हणतो आणि ती त्याला अहो म्हणते ह्यातही हेच आहे, त्यावर वेगळा लेख होईल.

हे सगळं सवयीचं आहे, जातीचा ह्यात काय संबंध, असंही ऐकू येतं. संबंध आहे. डॉ. आंबेडकरांनी आपल्या लहानपणची एक आठवण लिहून ठेवलीये, १९०१ च्या सुमाराची. वय नऊ-दहा. सुट्टीत वडिलांना भेटायला सगळी मुलं साताऱ्याहून रेल्वेनं निघाली आणि मसूर स्टेशनवर उतरली, नवे कपडे, नीटनेटकी, पण न्यायला कुणी आलेलं नाही. स्टेशनमास्तर जवळ आला, आपुलकीनं विचारपूस केली, मुलांच्या कपड्यांवरून आणि बोलण्यावरून त्याला ती ब्राह्मणाची वाटली होती. मग त्यानं रीतीप्रमाणे कोण तुम्ही विचारलं, आणि मुलांनी सांगून टाकलं की आम्ही महार. त्याचा चेहरा बदलला आणि तो मागं फिरला. मुलं तीच होती, कपडे तेच, एका मिनिटापूर्वी गोड वाटलेलं बोलणंही तेच. पोरांनी मधल्या मिनिटात काहीही घालवलं नव्हतं, एक शब्द फक्त कळला होता. पुढे बैलगाडीवाले न्यायला तयार होईनात, शेवटी दुप्पट भाडं द्यायचं, गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवानानं बाजूनं चालायचं असं ठरलं, आणि रात्रभर डबा जवळ असून पाणी मिळेना म्हणून जेवता आलं नाही. ही तोड काढायला मदत केली ती त्याच स्टेशनमास्तरनं, म्हणजे माणूस दुष्ट नव्हता. मला आमच्या मीटिंगमधले काका आठवतात तेव्हा हा स्टेशनमास्तर आठवतो.

पूर्वग्रह म्हटलं की आपल्याला द्वेषानं पेटलेला कुणीतरी डोळ्यांसमोर येतो, आणि आपण तसे नसतो म्हणून आपण सुटलो असं वाटतं. पण मानसशास्त्रात जे सापडलंय ते ह्यापेक्षा फार साधं आहे. १९७० च्या आसपास हेन्री ताजफेल ह्या मानसशास्त्रज्ञानं इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये शाळकरी पोरांवर प्रयोग केले, एकमेकांना ओळखणारीच पोरं, त्यांना सांगितलं की तुमचे दोन गट पडलेत, तुला ह्या चित्रकाराची चित्रं आवडली आणि त्याला त्या. इतकंच. भांडण नाही, इतिहास नाही, आपल्या गटात कोण आहे हेही माहीत नाही. आणि तरी पैसे वाटायला दिल्यावर पोरांनी आपल्या गटाला जास्त दिले, इतकंच नाही तर आपल्या गटाला दोन पैसे कमी मिळाले तरी चालतील पण समोरच्यापेक्षा जास्त मिळाले पाहिजेत असा कल दाखवला. चित्रावरून पडलेल्या गटाचं हे, तर ज्या गटांना हजार-दोन हजार वर्षांचं पाणी घातलंय, ज्यांची वेगळी आळी, वेगळं स्मशान, लग्नं आपापसातच, तिथं काय होत असेल. कुणाच्याही मनात द्वेष असायची गरजच नाही, गट पडले की हात आपोआप आपल्याकडे झुकतो. म्हणून "मी जात मानत नाही" ह्या वाक्यावर माझा विश्वास बसत नाही, ते म्हणणारा खोटं बोलतोय म्हणून नाही, तर त्याला खरंच माहीत नाही म्हणून.

माझ्याच घरातलं सांगते. माझ्या माहेरी स्वयंपाकघराच्या खिडकीत, सिंकच्या वर, एक कप असायचा. पांढरा, निळी रेघ असलेला, कान तुटलेला. भांडीवाल्या बाईंचा कप. तो बाकीच्या कपांत कधी ठेवला जायचा नाही, आणि वेगळा ठेवा असं कुणी कुणाला सांगितल्याचंही मला आठवत नाही. चहा झाला की बाई तो स्वतःच विसळायच्या आणि पालथा घालून ठेवायच्या. माझी आई वाईट बाई नव्हती हो, बाईंच्या मुलीची फी आईनं दोन वर्षं भरली, दिवाळीला स्वतःसारखीच साडी घेतली. आणि कप तसाच. एके वर्षी दिवाळीच्या साफसफाईत माझ्या बहिणीनं तो कप फुटकाच आहे म्हणून टाकून दिला. दुसऱ्या दिवशी बाई आल्या, खिडकीत हात घातला, इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाल्या, "ताई, माझा कप कुठाय?" आईनं फळीवरचा दुसरा कप काढून चहा ओतला तर त्या म्हणाल्या, "ह्याच्यात नको, मी वाटीत घेते." आणि वाटीत घेतला. आई चहा ओततानाची उभी राहिली तशीच राहिली. त्या दिवशी घरात त्याबद्दल कुणीच काही बोललं नाही.

मी त्या वेळी असेन पंधरा-सोळाची. बाईंनाच नको होतं ना मग, असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. आता वाटतं की दया आणि आदर ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण पहिली भरभरून देतो म्हणजे दुसरी दिलीच असं धरून चालतो. दया वरून खाली येते, तिला उंची लागते. फी भरताना आई वरच असायची. एकाच फळीवरचा कप घेताना मात्र दोघींना एकाच पातळीवर यावं लागलं असतं, आणि ते दोघींनाही जमेना, कारण वर्षानुवर्षं ज्याला पायरी दाखवलेली असते तो पायरी ओळखूनच वागायला लागतो. ह्याचा एक फार त्रास देणारा प्रयोग आहे, उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे ह्या संशोधकांनी केलेला. सहावी-सातवीतल्या मुलांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला दिले. कुणाची जात जाहीर केली नाही तेव्हा दलित आणि सवर्ण मुलांनी जवळपास सारखेच सोडवले. मग दुसऱ्या गटात सुरुवातीला सगळ्यांसमोर नाव, गाव, बापाचं नाव, आजोबाचं नाव आणि जात वाचून दाखवली, आणि दलित मुलांचं काम बऱ्यापैकी खाली आलं. मुलं तितकीच हुशार होती. कुणी शिवी दिली नव्हती. नुसतं पूर्ण नाव वाचलं होतं.

पूर्ण नाव म्हटल्यावर "आडनाव काय?" हा आपला लाडका प्रश्न आलाच. भाड्यानं घर बघायला गेलं, नवीन ऑफिसात गेलं, कुणी नुसतं नाव सांगितलं की "हो पण पुढे काय?" २००७ मध्ये सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल ह्या संशोधकांचा अभ्यास आला होता, खासगी कंपन्यांना सारख्याच शिक्षणाचे अर्ज फक्त वेगवेगळ्या आडनावांनी पाठवले, आणि सवर्ण हिंदू आडनावाच्या मानानं दलित आडनावाला बोलावणं येण्याची शक्यता कमी निघाली, मुस्लिम नावाला त्याहूनही कमी. त्या अर्ज वाचणाऱ्यांतल्या प्रत्येकाला विचारलं असतं तर त्यांनी हेच सांगितलं असतं की आम्ही फक्त मेरिट बघतो, म्हणजे पुन्हा तेच, कमवावं लागतं. पण कमवायला दार तर उघडायला पाहिजे.

सहवासानं पूर्वग्रह जातात असं आपण म्हणतो, आणि ते अर्धं खरं आहे. गॉर्डन ऑलपोर्ट ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्येच सांगून ठेवलंय की नुसत्या सहवासानं काही होत नाही, सहवासात दोघांचा दर्जा बरोबरीचा लागतो, काम एकत्र मिळून करायचं लागतं, आणि वरच्यांचा, नियमांचा त्याला पाठिंबा लागतो. बाई आमच्या घरी सतरा वर्षं येत होत्या, सहवास ह्याहून काय वेगळा असतो. पण बरोबरी एक दिवसही नव्हती, म्हणून सतरा वर्षांत कप हलला नाही. ऑलपोर्टनं आणखी एक गोष्ट टिपलीये जी मी कॉलेजात रोज ऐकायचे. एखादा माणूस आपल्या समजुतीत बसला नाही की आपण समजूत मोडत नाही, त्या माणसाला अपवाद ठरवतो आणि कुंपण परत नीट लावून टाकतो. माझ्या मैत्रिणीला प्रेमानं सांगितलं जायचं, "तू त्यांच्यातली वाटत नाहीस गं." सांगणारीला वाटायचं आपण कौतुक केलं. ती हसायची, आणि मग दोन-दोन दिवस आमच्यात डबा खायला बसायची नाही.

आपल्या परंपरेत दुसरं काही नाही असं मात्र मी म्हणणार नाही. वारीत बघा, कुणी कुणाला आडनाव विचारत नाही, सगळे एकमेकांना माउली म्हणतात आणि एकानं पाय धरले की दुसरा लगेच वाकून त्याचे धरतो. ब्राऊन आणि गिल्मन ज्या बरोबरीबद्दल लिहितात ती मला आळंदी-पंढरपूर रस्त्यावर डोळ्यांनी बघायला मिळालीये, पावसात भिजत, सत्तर वर्षांच्या आजी पोलिसाला माउली म्हणताना आणि तो आजींना माउली म्हणताना. पण त्याच रस्त्याच्या शेवटी महाद्वाराच्या बाहेर चोखोबांची समाधी आहे, आणि विठ्ठलाच्या देवळात दलितांना जाता यावं म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषण करावं लागलं. रस्त्यावर माउली आणि दारात थांब. मला वाटतं आपण अजून तिथंच आहोत, भावनेत बरोबरी चालते, दार-कप-लिफ्ट अशी वस्तू मधे आली की अडखळतं.

आता सगळ्यात जड आक्षेप, आणि तो मला एका कामगार संघटनेत काम करणाऱ्या मित्रानं घेतला होता, म्हणून मी तो गंभीरपणे घेते. तो म्हणाला, अहो-जाहो करून कुणाचं पोट भरत नाही, आधी पगार द्या, आठवड्याची सुट्टी द्या, मग लिफ्ट बघू. पगार द्यायलाच हवा, सुट्टीही द्यायलाच हवी, आणि बायकांना दिवसभरात बिल्डिंगमध्ये एक धड बाथरूमही वापरायला मिळत नाही हे तर अतिशय लाजिरवाणं आहे. पण ह्या दोन गोष्टी एकापुढे एक नाहीयेत. ज्याला आपण मनातून तू म्हणतो त्याचाच पगार आपण दहा तारखेवर ढकलतो, आजारी पडल्या तर खाडा कापतो. बँकेतल्या सरांचा खाडा कापायचा विचारही आपल्या मनात येत नाही. आणि नुसत्या सोयीचाच प्रश्न असता तर महाडला कुणी गेलंच नसतं. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन गेले तेव्हा ते पाणी प्यायल्यानं कुणी अमर होणार नव्हतं, हे ते स्वतःच नंतर म्हणाले, आजवर ते न पिता जगलोच की आपण, तिथं जायचं ते आपणही इतरांसारखी माणसं आहोत हे दाखवायला. नगरपालिकेचा ठराव तीन वर्षं आधीच झालेला होता, कागदावर तळं खुलंच होतं. तरी ओंजळ भरल्यावर मारहाण झाली, आणि नंतर तळ्यात पंचगव्य ओतून ते शुद्ध करून घेण्यात आलं.

डिसेंबर २०२० मध्ये आपल्या राज्य मंत्रिमंडळानं जातीवरून पडलेली वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय घेतला तेव्हा पुष्कळ जण म्हणाले की पाट्या बदलून काय होणार. मला तो निर्णय योग्य वाटला होता आणि आजही वाटतो. पाटी लावल्यानं काहीतरी झालेलं असतं, म्हणून काढल्यानंही काहीतरी होतं. आमच्या विंगमधली लहान मुलं तो लिफ्टचा बोर्ड वाचून वाचायला शिकतायत, माझ्या शेजारचा पहिलीतला मुलगा बोटानं अक्षरं लावत "का-म-वा-ल्या" असं मोठ्यानं वाचत होता आणि त्याच्या घरी काम करणाऱ्या मावशी त्याचं दप्तर धरून शेजारी उभ्या होत्या, पहिली लिफ्ट आली तेव्हा त्यानं त्यांचा हात धरून आत ओढलं आणि त्या म्हणाल्या, "नको बाळा, तू जा, मी त्या लिफ्टनं येते."

मी सेक्रेटरींना लेखी अर्ज दिलाय, पुढच्या जनरल बॉडीत हा विषय अजेंड्यावर घ्यावा म्हणून. सह्या गोळा करतेय, रोज संध्याकाळी दोन-तीन मजले. आतापर्यंत अकरा झाल्यात. काल त्या काकांच्या दारातही गेले होते, त्यांनी आत बोलावलं, काकूंनी चहा दिला, अर्ज दोनदा वाचला, आणि म्हणाले, ठेवून जा, बघतो.